शिट्टी वाजेस्तोवर

मागे एकदा वर्तमानपत्रातल्या एका मुलीचा फोन आला. सराव शिबिरात कॅमेरे लावले तर खेळाडूंचं लक्ष विचलित होतं का, यावर तिला माझं मत हवं होतं. मी म्हटलं, बाई, तू स्वयंपाक करत असताना कुणी कढईवर दिवा मारून "फोडणी परत एकदा द्या, जरा हसून द्या" असं म्हणालं तर तुझं काय होईल? ती हसली. मला काही हसू येत नव्हतं. तिला म्हणे दोन्ही बाजू मांडायच्या होत्या. दुसऱ्या बाजूकडे अख्खी मालिका आहे, मोबाइलवर कधीही उघडा आणि बघा. माझ्याकडे एवढे दोन कागद आहेत, ते मी भरते.

मी शाळेत पीटी शिकवते आणि शाळा सुटली की मुलींची कबड्डी घेते. आमच्या अंजूरच्या बाजूला भाताच्या शेतांची गोदामं झाली, खाडीवर जाणाऱ्या वाटेवर कंटेनर उभे राहायला लागले, पण कबड्डीला कुणी हात लावू शकलं नाही. ज्या घरात देवघर नसेल त्या घरातही एखादा कबड्डीचा चषक कपाटावर धूळ खात असतो. तर बायकांची लीग निघाली, आणि आमच्याच भागातल्या एका शेठनं तिच्यात संघ घेतला. शेठ म्हणजे ज्याच्या आजोबांनी भात लावला आणि ज्यानं त्याच जमिनीवर पत्र्याची गोदामं उभी केली, असे आमच्याकडे पुष्कळ आहेत. माणूस वाईट नाही. फक्त दिसायची हौस दांडगी. वाढदिवसाला काल्हेरपासून अंजूरफाट्यापर्यंत त्याचंच तोंड लटकलेलं असतं. त्यानं मला प्रशिक्षक म्हणून बोलावलं, आणि काल्हेरातलं एक रिकामं गोदाम शिबिरासाठी दिलं. आत मॅट टाकली, पंखे लावले, बाजूच्या ऑफिसच्या खोल्यांत मुलींची झोपायची सोय केली. इथपर्यंत मी त्याला दुवाच देत होते.

आता आमच्या डाव्या कॉर्नरबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. समोरच्या संघाची मुलगी चढाईला येते, कुणाला तरी शिवते आणि मधल्या रेषेकडे पळते. तिची बोटं रेषेला टेकली की ती सुटली, आणि तिनं शिवलेल्या, तिला धरलेल्या सगळ्या बाद. कॉर्नर टोकाला उभी राहते आणि वाट बघते. पाय जवळ आला की झेप घेऊन घोटा धरायचा आणि पंचाची शिट्टी वाजेस्तोवर सोडायचा नाही. एवढंच काम. ऐकायला सोपं आहे, तर या कधी मैदानात.

ही मुलगी आमच्या गावची सून. नवरा अंजूर-भिवंडी रिक्षा चालवतो, पदरात तीन वर्षांचा मुलगा, आणि ती स्वतः काल्हेरच्या एका गोदामात खोकी स्कॅन करायची. उभ्यानं शिफ्ट, बसायला मनाई. शेठनं तिला घेतलं ते शिबिरापुरतं आणि पहिल्या सामन्यापुरतं. त्या सामन्यात निवडीसाठी माणसं बसणार होती. त्यांच्या मनात भरली तर पूर्ण हंगामाचा करार, नाही तर परत खोकी. सासू तिला म्हणाली होती, "जा गो, पोराला मी हाय. पन परत येशील तर लीगची होऊन ये." असली सासू मिळायला नशीब लागतं. आणि पोरगी काय तयार होती! पंजा असा की एकदा घोट्यावर बसला की चढाईवाली जागच्या जागी आडवी. मी एवढ्या पोरी शिकवल्या, असला पंजा पाहिला नव्हता.

तिला मी तेलाच्या पायावर तयार केलं होतं. ही आमच्या गावची जुनी रीत आहे. सामन्यात घामानं पाय बुळबुळीत होतो, म्हणून सरावात चढाईवालीच्या घोट्याला खोबरेल चोपडायचं आणि मॅटच्या बाहेर गोणपाट अंथरून त्यावर पकड करायची. पहिले काही दिवस पोरी नुसत्या घसरतात, शिव्या देतात, एकमेकींच्या अंगावर पडून हसतात. मग हळूहळू बोटांना कळायला लागतं की निसटणारी गोष्ट धरायची कशी. आणि चढाईवालीलाही मी सांगायचे, तू सुटलीस तर आज तुला जेवणात दुप्पट मासळी. मग ती काय जीव तोडून ओढायची!

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी गोदामाच्या दारात दोन गाड्या थांबल्या. पेट्या उतरल्या, दिवे उतरले, छत्र्या उतरल्या. छपराखाली छत्र्या कशाला, असं मी विचारलं तर म्हणे प्रकाशासाठी. सगळ्यात शेवटी एक दिग्दर्शक उतरला. पत्र्याखाली आम्ही उकडून निघत होतो आणि हा लोकरीची टोपी घालून. शेठ त्याच्यामागे नवरदेवाच्या बापासारखा फिरत होता. संघाच्या पडद्यामागची मालिका करायची होती म्हणे. घाम, अश्रू, संघर्ष. घाम तर आम्ही रोज गाळत होतो, बाकी दोन गोष्टी त्यांनी सोबत आणल्या.

टोपीवाल्यानं सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाला, "आम्ही इथे नाहीच असं समजा." अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्ये मध्ये इंग्रजी शिंपडायचा. "बस, नॅचरल रहो. हम हैं ही नहीं." आणि पुढच्याच क्षणाला म्हणाला, "ती खिडकी बंद करा, ट्रकचा आवाज येतोय." काल्हेरमध्ये ट्रकचा आवाज! अरे बाबा, इथे ट्रकचा आवाज थांबला तर लोक घाबरून बाहेर येतील. खिडक्या बंद झाल्या, आवाजासाठी पंखे बंद झाले, आणि जे इथे नव्हतेच त्यांच्यापायी माझ्या पोरी भट्टीत भाजायला लागल्या.

आमची कव्हर, म्हणजे कॉर्नरच्या शेजारी तिचा हात धरून उभी राहणारी, ती भिवंडीतल्या एका लूमवाल्याच्या घरातली. दिवसभर यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली मुलगी, तिला कशानंच काही होत नाही. तीसुद्धा तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ताई, ये लोग कबड्डी लेने आयेत की जान लेने आयेत?" मी म्हटलं, दोन्ही, बेटा. एकावर एक फुकट.

पहिला घाव तेलावर बसला. टोपीवाला म्हणाला, तेल लावलेला पाय दिव्यात चमकतो, चित्र बिघडतं. शिवाय गोणपाट दिसायला बरं नाही. मी म्हटलं, तुमच्या चित्रासाठी माझ्या पोरी नाही आल्या. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, शेठकडे बघितलं. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, चार दिवस तेलाचं ऱ्हाऊ दे ना. देश बघणार हाय." मी म्हटलं, "शेठ, देश बघेल, पन पाय निसटेल तवा देश धरायला येनार हाय का?" हसला. शेठ लोकांना वाटतं, बाई चिडली म्हणजे विनोद करते. तेलाची बाटली त्यांच्या एका माणसानं उचलून पेटीमागे ठेवली. ते चार दिवस शिबिर संपेपर्यंत लांबले.

मग सुरू झालं ते "परत एकदा". कॉर्नरनं घोटा पकडला, झकास पकडला, की टोपीवाला टाळी वाजवायचा आणि म्हणायचा, सुंदर, परत एकदा, कॅमेरा या बाजूला घेतो. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आता चढाईला येणारी मुलगी आमचीच. पहिल्यांदा ती खरी पळाली. दुसऱ्यांदा जरा कमी. चौथ्यांदा तिनं चक्क पाय पुढे केला, घे बाई, पकड आणि सोडव मला या उकाड्यातून. तिचं तरी काय चुकलं? आणि कव्हरला सांगितलं, तू फ्रेममध्ये येऊ नकोस, कॉर्नर एकटी दिसली पाहिजे, एकटी वाघीण. अहो, कॉर्नर एकटी कधीच नसते! ती घोटा धरते आणि त्याच श्वासात कव्हर कमरेवर झेपावते, म्हणून तर दोघी हात धरून उभ्या असतात. पण आमची कव्हर रोज पकड झाली की जागच्या जागी थांबायला शिकली.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे मान. टोपीवाला कॉर्नरला म्हणाला, "पकडलंस की लगेच वर बघ. डोळ्यांत आग पाहिजे." कॅमेरेवाला तिच्या डाव्या हाताला जमिनीवर पालथा पडलेला असायचा, तिनं घोटा धरायचा आणि त्याच्याकडे मान वर करायची. मी ओरडले, "खाली बघ! शिट्टी वाजली का?" टोपीवाला मला म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाज छान आहे, हेच परत एकदा म्हणाल?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्यातली शिट्टी त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. खरंच सांगते, घातली असती तर बरं झालं असतं.

कॉर्नरला मी बाजूला घेतलं. म्हटलं, तू त्यांचं ऐकू नकोस. ती बिचारी म्हणाली, "ताई, शेठ बोलले, यात चांगली दिसली तर कराराला सोपं जाईल." जिला उभ्यानं खोकी स्कॅन करायची नव्हती, तिनं सांगितलेलं सगळं केलं असतं. तिला मान वर कर म्हणाले, तिनं केली. जीव ओतून केली, कारण ती सगळंच जीव ओतून करायची.

एवढ्यावर भागलं नाही. त्यांना अश्रू हवे होते. माझा नियम आहे, शिबिरात घरचं कुणी भेटायला येणार नाही, कारण आईला पोर दिसलं की तिच्या पायातली ताकद जाते. हे कुठल्या पुस्तकात नाही, मी स्वतःवरून सांगते. पण टोपीवाल्यानं मला न विचारता गाडी पाठवून तिच्या मुलाला आणलं. दारातून लेकरू "आये" करत धावत आलं, तिच्या गळ्यात पडलं आणि ढसाढसा रडलं. तीही रडली. सगळ्या पोरी रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. आणि मागून आवाज आला, "परत एकदा. बच्चे को दरवाजे तक ले जाओ."

लेकराला आईच्या गळ्यातून सोडवून परत दारात नेलं. दुसऱ्यांदा ते धावलं, पण रडलं नाही, कारण त्याला वाटलं हा खेळ आहे. तिसऱ्यांदा ते धावता धावता कॅमेऱ्याकडे बघून हसलं. टोपीवाला वैतागून म्हणाला, हा बिघडला आता. तीन वर्षांचं लेकरू, आणि त्याला हा बिघडला म्हणतो! माझ्या पोरींना त्यानं तेच केलं होतं, फक्त त्या मोठ्या होत्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलाला परत पाठवलं तेव्हा ते खरोखर रडत होतं, पण तेव्हा दिवे काढून झाले होते.

मग आला पहिला सामना. मोठं स्टेडियम, थंड हवा, वर खुर्च्यांत निवडीची माणसं, आणि टोपीवाल्याचा कॅमेरेवाला मॅटच्या कडेला, नेमका आमच्या डाव्या बाजूला, पालथा. सामना चुरशीचा झाला. पोरी बऱ्या खेळल्या. शेवटची चढाई, आमचा एक गुण जास्त, आणि त्यांची सगळ्यात चांगली चढाईवाली आत आली. तिला थांबवली की सामना आमचा. तिनं कव्हरला हात लावला, वळली, आणि आमच्या कॉर्नरनं झेप घेतली. घोटा पंजात! मी बाकावरून उठून उभी राहिले. अशी पकड, अशी पकड, तिच्या सासूनं बघायला हवी होती.

आणि तिनं मान वर केली.

एका श्वासाचीच गोष्ट. मान वर गेली तशी खांदे उचलले गेले, आणि घामानं निथळणारा तो पाय बोटांतून अर्धा सरकला. कव्हर एका पावलावर उभी होती. उभीच राहिली. तिनं झेप घेतली तेव्हा उशीर झाला होता. चढाईवालीनं पोटावर पडून हात लांब केला आणि तिची दोन बोटं मधल्या रेषेला टेकली. आमच्या दोघी बाद, त्यांना दोन गुण, आणि शिट्टी वाजली ती त्यांच्यासाठी. कॉर्नर पालथी पडून आपल्या पंजाकडे बघत राहिली. कॅमेरेवाला रांगत तिच्या तोंडापर्यंत गेला.

ती रडली नाही. खोलीत आल्यावर मला म्हणाली, "ताई, तेल हाय का?" मी म्हटलं, आता कशाला? "आताच लावू. माझ्या हातात होता ओ पाय." निवडीची माणसं निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी शेठनं मला ऐकवलं, "पोरीत दम हाय ताई, पन टेन्शन घेतलन् तिनं. मोठ्या मैदानाची सवय न्हाय." मैदानाची सवय नव्हती म्हणे! जी सवय तुम्ही पैसे मोजून लावलीत तीच तर लागली होती. हे मी त्याच्या तोंडावर बोलले. त्यानं घड्याळ बघितलं. करार झाला नाही, आणि पुढच्या सोमवारी ती परत खोक्यांसमोर उभी राहिली. मीही संघ सोडला, पण माझी शाळा होती. तिच्याकडे काय होतं?

मालिका आली तेव्हा आम्ही तिच्याच घरी बघितली. आळीतली सगळी जमली होती, सासूनं चहा केला. पडद्यावर ती घोटा धरते, मान वर करते, डोळ्यांत आग, मागे ढोल. आळीनं टाळ्या वाजवल्या. तो पाय आमच्याच पोरीचा होता, पुढे केलेला, कोरडा. मग सामना हरल्याचं दाखवलं, आणि लगेच ती मुलाला कवटाळून ढसाढसा रडताना. म्हणजे सामन्याच्या आधीचं रडणं त्यांनी उचलून हरल्यानंतर चिकटवलं. सासू म्हणाली, "ही रडली कवा? हरून आली तवा तर गपगुमान भांडी घासीत होती." कुणीतरी तिला गप्प केलं. खाली अक्षरं आली, दबावापुढे ती कोसळली. कॉर्नर उठून कपबश्या गोळा करायला लागली.

आता शेवटचं सांगते आणि थांबते. मालिका चालली म्हणून दुसरा भाग काढायचं ठरलं, आणि टोपीवाला तिला शोधत काल्हेरच्या गोदामावर आला. "ती आता काय करते" असं काहीतरी. मलाही फोन केला, गुरू-शिष्या एका चौकटीत हव्या होत्या. मी जाणार नव्हते. पण ती एकटी त्यांच्या तावडीत नको म्हणून शाळेतून तशीच गेले, ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी.

जेवणाची सुट्टी होती. गोदामाच्या आवारात ट्रक उभे, हमाल सावलीत डबे खात बसलेले, आणि ही गळ्यात ओळखपत्र घालून उभी. टोपीवाला म्हणाला, ती पकड एकदा दाखव, या ट्रकच्या पुढ्यात, भारी दिसेल. चढाईला कुणी नव्हतं. मग त्यानंच पँट वर केली आणि पाय पुढे केला. "हलकेच धर हां. आणि धरलंस की वर बघ."

ती खाली बसली. हात धुळीवर घासले. तो एक पाऊल पुढे आला, आणि तिनं झेप घेतली. टोपीवाला धाडकन पाठीवर, टोपी ट्रकच्या चाकाखाली. हमाल डबे ठेवून उभे राहिले. तो आधी हसला, मग म्हणाला, "कट." ती सोडेना. "अरे कट! कट बोला ना!" तो पाय ओढायला लागला, खडीवर कोपरं घासत मागे सरकायला लागला, आणि ती त्याच्यामागे फरफटत गेली, पण पंजा हलला नाही. त्याचा कॅमेरेवाला सवयीनं तिच्या डाव्या बाजूला पालथा पडला होता, तिच्या तोंडाची वाट बघत. तिनं मान वर केली नाही.

"मॅडम, सांगा ना हिला!" तो माझ्याकडे बघून ओरडला. शिट्टी माझ्याच गळ्यात होती. मी ती हातात घेतली आणि तशीच धरून उभी राहिले. आम्ही इथे नाहीच असं समज, बाबा. हमालांपैकी कुणीतरी म्हणालं, "छोडना मत, दीदी!" आणि तिनं खरंच सोडलं नाही. तो थकून हातपाय टाकून पडला तरी नाही.

मग मी शिट्टी वाजवली.

तिनं त्याच क्षणी पंजा उघडला. उठली, ओढणीनं हात पुसले, आणि माझ्याजवळ आली. धापा टाकत होती. आता मात्र डोळे भरले होते, आणि ते टिपायला तिथे कुणी शिल्लक नव्हतं, कॅमेरेवाला त्याच्या साहेबाला उठवत होता.

"बघ ताई," ती म्हणाली, "सुटला न्हाय."

मी म्हटलं, "न्हाय सुटला, पोरी." सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि ती ओळखपत्र सरळ करत आत खोक्यांकडे गेली.